बाईंचा आवाज बसला ते वर्ष

डेपोच्या मागच्या अंगाची पत्र्याची शेड पाडली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जागी विजेवर चालणाऱ्या बसगाड्या ओळीने चार्जिंगला लावलेल्या असतात. शेडबरोबर खालचा कोबाही उखडला गेला, त्यामुळे गोलासमोरची पांढरी रेघ कुठून निघून कुठे मिळत होती हे दाखवायला काही उरलेलं नाही. निवृत्त ड्रायव्हर किंवा मेकॅनिक पेन्शनच्या कामाला आले की मागे चक्कर टाकतात, गाड्यांच्या मधे उभे राहतात आणि हाताने हवेत अर्धगोल काढतात. "इथं गोल. इथून रेघ. आणि तिथं बाकावर बाई."

बाई म्हणजे कंडक्टरबाई. डेपोत तिकिटं फाडणाऱ्या बायका इतरही होत्या, पण नुसतं बाई म्हटलं की एकच. स्टेशन ते इस्पितळ ही त्यांची लाइन. त्या पुढच्या दारापाशी असल्या तरी मागच्या दारात लोंबकळणाऱ्याला आपल्याच कानात कोणी बोललं असं वाटायचं. "आत या. आत जागा आहे. पायरी काही तुमच्या सासऱ्यांनी दिलेली नाही." हे ऐकून माणूस आत येई, आणि जागा खरोखरच असे. लाल दिव्यापाशी शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या बसमधले प्रवासीही बाईंचा आवाज ऐकून पुढे सरकतात, असं डेपोत सांगत.

दिवसपाळी संपली की बाई गणवेशावरच शेडमध्ये येत, चपला काढून कॅनव्हासचे बूट चढवत आणि डेपोतल्या कामगारांच्या मुलींना हँडबॉल शिकवत. तरुणपणी त्या स्वतः परिवहनच्या संघातून खेळल्या होत्या. त्यांची जागा पिव्हटची.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. गोलासमोर सहा मीटरवर वाकडी रेघ असते आणि तिच्या आत गोलकीपरशिवाय कोणी पाय टेकायचा नाही. बचाव करणाऱ्या मुली रेघेला लागून भिंत करून उभ्या राहतात. त्या भिंतीतच, गोलाकडे पाठ करून, हल्ला करणाऱ्यांची एक मुलगी घुसलेली असते. ती पिव्हट. तिला धक्के बसतात, तिचे कपडे ओढले जातात आणि बराच वेळ तिच्या वाट्याला चेंडू येतच नाही. चेंडू असतो लांब, पास देणारीच्या हातात. तिला अडवायला भिंतीतली एक मुलगी पुढे सरकली की मागे फट पडते, ती पापणी लवेपर्यंतच. चेंडू आधी सोडला तर पुढे निघालेली मुलगी मागे हटून तो उचलते. उशीर झाला तर शेजारची सरकून फट बुजवते. बाईंचं सगळं शिकवणं या एवढ्याशा वेळेबद्दल होतं.

पिव्हट कसं व्हायचं ते बाईंना फारसं शिकवावं लागलं नसणार. गर्दीत पाय रोवून उभं राहणं, कोपर न मारता जागा करणं, कोण कुठून रेटणार हे पाठीला आधी कळणं, हे सगळं त्यांचं रोजच्या पोटापाण्याचं काम होतं. पास देणारीला मात्र शिकवायला लागे. त्यासाठी बाईंनी आपली एक पद्धत काढली होती, आणि ती थेट बसमधून उचललेली होती.

बसमध्ये कंडक्टरने घंटेची दोरी एकदा ओढली की थांबायचं आणि दोनदा ओढली की निघायचं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. दारात कोण आहे, म्हातारीचा पाय पायरीवर आहे की जमिनीवर, हे कंडक्टरला माहीत. शेडमध्ये बाई दोरीऐवजी गळा वापरत. पास देणारीच्या हातात चेंडू आला की बाकावरून सुरू होई, "थांब... थांब..." आणि मग एकदम, "दे." त्या 'दे'वर चेंडू सुटे आणि नेमका पिव्हटच्या तळहातात जाऊन बसे. उन्हाने तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना टणटण वाजत असे, बाजूच्या खड्ड्यात कोणीतरी गिअरबॉक्स उतरवत असे, डिझेलचा वास सगळीकडे, आणि त्या सगळ्यावरून हा आवाज जाई. मेकॅनिक लोक बोल्ट आवळतानाही त्याच तालावर आवळत. डेपोत वाढलेल्या पोरांना हा ताल पाढ्यांच्या आधी पाठ होता.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पास देणारी होती गणवेश शिवणाऱ्या टेलरची मुलगी. अंगाने काडी, मनगट लवचीक. तिला सगळे सुई म्हणत. पिव्हट होती डिझेल पंपावरच्या माणसाची मुलगी. रुंद, भक्कम, जागची न हलणारी. तिचं नाव कपाट. हे नाव तिला शाळेत चिडवायला ठेवलं होतं. ती इतक्या शांतपणे त्याला ओ देऊ लागली की चिडवणारे कंटाळले आणि नाव राहिलं. दोघी लहानपणापासून एका वाड्यातल्या नाहीत, एका शाळेतल्या नाहीत, पण बाईंच्या 'थांब' आणि 'दे'च्या मधे दोघींचं असं जुळलं होतं की आदल्या वर्षी डेपोचा संघ कामगार लीगमध्ये दुसरा आला होता.

हंगाम सुरू व्हायच्या आधी बाईंचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, सर्दी. काढे झाले, गुळण्या झाल्या. मग आवाज फाटायला लागला आणि एके दिवशी इस्पितळाच्या थांब्यावर तोंड उघडलं तर नुसती हवा आली. निदान इस्पितळ समोरच होतं. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आहेत असं सांगितलं. छोटी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कित्येक महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं तर ओरडण्यापेक्षा वाईट, असं बजावून त्यांना घरी पाठवलं.

बाईंचे यजमान त्याच डेपोत इंजिनाचं काम करत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, बाईसुद्धा. डेपोत त्यांना लोक विचारू लागले, घरी कसं काय. मिस्त्री म्हणाले, "काल माझं एक वाक्य शेवटपर्यंत गेलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. कुठे थांबायचं तेच मला कळेना."

बाईंना लाइनवरून काढून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे आणि एक पितळी कर्णा होता, ज्याला न्यायला कधीच कोणी आलं नाही. वस्तू घ्यायला आलेला माणूस खूण सांगे, बाई मान डोलवत किंवा हलवत. शेडमध्ये त्या पहिल्यासारख्याच येत राहिल्या.

त्यावरून कामगार कल्याण समितीचे सचिव त्यांना भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाईंपेक्षा मिस्त्रींकडेच बघत बोलला.

"बाईंचं काम कोण नाकारतंय? पण प्रशिक्षक म्हणजे आवाज. मी काय म्हणतो, हा हंगाम बाईंचाच. संघ पहिल्या चारांत आला तर प्रश्नच मिटला. नाही आला, तर पुढच्या वर्षी एक तरुण मुलगा आहे, शिकलेला आहे, शिट्टीबिट्टी आहे त्याच्याकडे."

मिस्त्री म्हणाले, "आणि बाई?"

"बाईंनी आराम करावा."

बाईंनी सचिवांकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता त्या जे म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगत नाही."

बाईंच्या आयुष्यात दोनच जागा अशा होत्या जिथे त्यांच्या म्हणण्याने काही हलत असे, बस आणि शेड. बस गेलीच होती.

हंगामाचे पहिले सामने संघ हरला. हरण्यातही एक विचित्र गोष्ट होती. सुईच्या हातात चेंडू येई, समोरची मुलगी पुढे निघे, मागे फट पडे, कपाट तळहात दाखवून उभी असे, आणि सुई काहीच करत नसे. चेंडू हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पंचांची शिट्टी वाजे आणि चेंडू समोरच्यांकडे जाई. मिस्त्री म्हणाले, पोर घाबरली आहे. टेलर म्हणाला, नजर लागली. बाईंना वाटलं, सराव कमी पडतो. त्यांनी सुईला रोज अंधार पडेपर्यंत पास द्यायला लावले. सरावात बाई हाताने खूण करत, थांब, थांब, दे, आणि पास बरोबर जात. सामन्यात सुई बाकाकडे वळून खूण बघायची, आणि तेवढ्यात फट मिटलेली असायची.

बाईंना बोलता येत नव्हतं, म्हणून मिस्त्री दुभाषे झाले होते. सराव संपला की बाई हातवारे करत आणि मिस्त्री त्याचा अर्थ सांगत.

"बाई म्हणतात, तुम्ही सगळ्या झोपेत खेळता."

कपाट म्हणाली, "बाईंनी फक्त गुडघ्याला हात लावला."

"चेहरा बघ ना. चेहरा म्हणाला."

बाईंनी मिस्त्रींच्या पाठीत एक रट्टा दिला. मिस्त्री म्हणाले, "हे मात्र मला होतं."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी हा प्रश्न सुटला, तोही स्वयंपाकघरात. बाई चहा गाळत होत्या. मिस्त्री दाढी करता करता एकटेच बोलत होते, आता त्यांना सवय झाली होती. "सुई खेळताना बघते कुठे, तर तुझ्याकडे. अगं, ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही म्हणून घंटा लागते. हिच्या तर सगळं नाकासमोर आहे. भिंत समोर, फट समोर, कपाट समोर. हिला घंटा कशाला?"

त्यांनी हे सहज म्हटलं होतं आणि पुढे ते वस्तऱ्याबद्दल बोलायला लागले. बाईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली आणि चहा बशीत उतरला. इतकी वर्षं त्या मुलींना पास द्यायला शिकवत होत्या असं त्या समजत होत्या. प्रत्यक्षात मुली फक्त हात चालवत होत्या आणि वेळ बाई ठरवत होत्या. सुईच्या आधीच्या सगळ्या पास देणाऱ्या मुलींचंही तेच झालं होतं. त्यातली एक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि तिथल्या संघात तिला कोणी दोन सामनेही खेळवलं नाही. बाईंनी तेव्हा त्या शहराला नावं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये आल्या त्या रंगाचा डबा घेऊन. रेघ मारायला वापरायचे तोच पांढरा रंग. बचावाला उभ्या राहणाऱ्या मुलींच्या बुटांची टोकं त्यांनी रंगवली. मिस्त्रींनाही भिंतीत उभं केलं, दोन्ही हातांत झाडू देऊन, म्हणजे उंच बचावपटू झाला, आणि त्यांच्याही बुटांना रंग लावला. मग सुईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिची हनुवटी धरून मान खाली केली आणि मिस्त्रींच्या बुटांकडे बोट दाखवलं. मिस्त्रींना पुढे यायची खूण केली. मिस्त्री एक पाऊल पुढे आले. पांढरं टोक कोब्यावर टेकलं, त्यावर अंगाचा भार आला, त्या क्षणी बाईंनी सुईच्या कोपराला बोट लावलं. चेंडू मिस्त्रींच्या पायाजवळ टप्पा खाऊन कपाटकडे गेला.

पुढे टाकलेल्या पायावर भार आला की माणसाला ताबडतोब मागे जाता येत नाही. एवढंच होतं ते. पाय हवेत असेतो थांबायचं, पाय रुतला की द्यायचं. बाईंना हे कधीपासून दिसत होतं. ते मुलींना दिसायला हवं हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

सुई म्हणाली, "बाई, पण सामन्यात त्यांच्या बुटांना रंग कोण लावणार?"

मिस्त्री झाडू खाली करत म्हणाले, "मी जातो आधी, डबा घेऊन."

हळूहळू रंग घासून गेला आणि बाईंनी तो पुन्हा लावला नाही. कोपराला बोट लावणंही बंद केलं. हळूहळू त्या सुईच्या मागे उभं राहणंही टाळू लागल्या. बाकावर बसत, तेही तोंड दुसरीकडे करून, पंपाच्या दिशेने. सुई सवयीने वळून बघे तर तिला बाईंचा अंबाडा दिसे. कपाटला वेगळं शिकावं लागलं. तीही आजवर 'दे' ऐकूनच वळत होती. आता ती सुईच्या खांद्याकडे बघायला लागली. चुका खूप झाल्या. कपाटच्या नाकावर दोनदा चेंडू बसला. ती म्हणाली, "सुई, मी कपाट आहे. माझी दारं उघडायच्या आधी सामान फेकू नकोस."

संघ पुढचे काही सामने जिंकला, एक हरला, एक बरोबरीत सुटला. शेवटचा सामना घरच्या शेडमध्ये होता, वीज कार्यालयाच्या संघाशी. तो जिंकला तर डेपो पहिल्या चारांत. बरोबरी चालणार नव्हती.

सचिवांची अट एव्हाना डेपोभर झाली होती. डेपोतल्या लोकांनी आपसात ठरवलं की बाईंना आवाज नाही तर आपण द्यायचा. त्यांच्यात पुढे होते मामा. ते कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात जुने ड्रायव्हर, बाईंच्या घंटेवर वर्षानुवर्षं स्टेशन ते इस्पितळ गाडी हाकलेले. मामा म्हणत, "बाई कधी 'दे' म्हणेल ते मला तिच्या आधी कळतं." त्या संध्याकाळी पाळी संपलेले आणि न संपलेले असे सगळे शेडमध्ये जमले. टायरच्या चळती, वर्कशॉपची बाकं, एका नादुरुस्त बसचं टपसुद्धा भरलं.

सुईच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला आणि चहूकडून आवाज उठला, "थांऽब... थांऽब... दे."

इतक्या महिन्यांनी कानावर पडलेला तो ताल. सुईचा हात तिच्या आधी हलला. समोरच्या मुलीचा पाय अजून हवेत होता. ती सहज मागे हटली, चेंडू उचलला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन गोल केला. लोकांना वाटलं, आपण कमी जोरात ओरडलो. पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओरडले. तेच झालं. थोड्या वेळाने वीज कार्यालयाच्या मुलींनाही युक्ती कळली. 'दे' ऐकू आलं की त्या सुईला सोडून सरळ कपाटवर जात. मध्यंतराला डेपो चांगलाच मागे होता. सचिव पहिल्या रांगेत बसून टोपी फिरवत होते.

बाई मुलींकडे गेल्या नाहीत. त्या टायरच्या चळतींकडे गेल्या आणि मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मामा म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच ओरडतोय आम्ही."

बाईंनी मान हलवली.

"आम्ही गप्प बसलो तर ती पोर हात पण उचलत नाही. पहिले सामने पाहिलेत मी."

बाईंनी पुन्हा मान हलवली आणि तळहात मामांच्या तोंडासमोर धरला, नाकाला जवळजवळ लागेल असा.

मिस्त्री मागून आले. "मामा, त्या म्हणतात..."

"कळलं. मला दुभाषा नको. वीस वर्षं हिच्या पुढे गाडी चालवली आहे." मामांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "गप्प बसा रे. शिंकायचं असेल त्याने बाहेर जा."

दुसऱ्या अर्ध्यात शेडमध्ये जी शांतता होती तिच्याबद्दल लोक अजून बोलतात. बुटांचे आवाज, चेंडूचा टप्पा, मुलींचे श्वास, मधूनच पत्र्याची एखादी टण. सुईने पहिला चेंडू धरून ठेवला. समोरची मुलगी पुढे आली, पाय रुतला, चेंडू गेला, कपाट वळली आणि रेघेवरून आत झेपावत तिने हवेतूनच फेकला. गोल. टपावरचा एक जण टाळी वाजवायला गेला आणि शेजाऱ्याने त्याचे हात धरले. मग असे आणखी झाले. कधी चुकले, कधी गोलकीपरने अडवले, पण फरक कमी होत गेला आणि सामना संपत आला तेव्हा गुण सारखे होते. चेंडू डेपोकडे होता.

बाईंनी वेळ मागायचं हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं नाही. सगळ्यांना वाटलं ठेवतील. त्यांनी ते मांडीखाली घेतलं.

सुईकडे चेंडू आला. समोरची मुलगी, त्यांची सगळ्यात चांगली बचावपटू, भिंतीतून निघाली. मागे फट दिसायला लागली. आणि मामांना राहवलं नाही.

"दे."

एवढंच, एकट्याचा आवाज, पण त्या शांततेत तो गोलकीपरलाही ऐकू गेला. बचावपटूने तो ओळखला. निघालेली मुलगी अर्ध्यातच वळून कपाटकडे धावली. सुईचा खांदा थरथरल्यासारखा झाला, लोकांनी तो पाहिला, पण चेंडू हातातच राहिला. मग तिने एक पाऊल टाकलं आणि हात मागे नेला, जणू आता लांबूनच मारणार. बचावपटूला दिसलं की आपण फसलो, चेंडू तर इथेच आहे. ती उलट फिरली आणि सगळं बळ लावून सुईवर आली. तिचा पाय जमिनीवर आपटला. सुईने चेंडू त्या पायाच्या बाजूने खाली टाकला. टप्पा खाऊन तो वर आला तेव्हा कपाटचा तळहात तिथे होता.

गोल झाल्यावर मात्र शेडमध्ये कोणी कोणाचं ऐकलं नाही. मामा टायरच्या चळतीवर डोकं धरून बसले होते. त्यांना वाटत होतं आपणच सामना घालवला, आणि जिंकल्याचं त्यांना दोघांनी धरून सांगावं लागलं.

सचिव बाकापाशी आले. त्यांनी टोपी घातली होती. "अभिनंदन, बाई. पुढच्या वर्षीचं काही बोलायला नको, तुम्हीच." मग जरा घोटाळत म्हणाले, "पण खरं सांगू? तुम्ही तर तासभर नुसत्या बसून होतात. मुलीच खेळल्या."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, तेच अवघड आहे. घरी कधी जमलं नाही."

बाई निवृत्तीपर्यंत त्या संघाच्या प्रशिक्षक राहिल्या. नंतर शेड पाडली आणि सराव एका शाळेच्या हॉलमध्ये हलला. तिथे आज सुई शिकवते, तिचे केस आता पिकायला लागले आहेत. तिची स्वतःची मुलगी गोलकीपर आहे. कपाटने दोन गावं पलीकडे दुकान काढलं, योगायोगाने फर्निचरचं, आणि त्यावरून तिला जे ऐकून घ्यावं लागतं ते ती अजूनही शांतपणे ऐकते. बाईंचा आवाज परत आला, पण पहिला नव्हे. खालच्या पट्टीतला, खरखरीत, दारापलीकडे न जाणारा. लाइनवर त्यांना पुन्हा पाठवलं नाही. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीतच त्यांनी उरलेली वर्षं काढली, आणि शेडमध्ये त्यांच्या तोंडून 'दे' हा शब्द पुन्हा कोणी ऐकला नाही.

सामना झाला त्या संध्याकाळी बाई आणि मिस्त्री नेहमीसारखे चालत घरी निघाले. डॉक्टरांनी नुकती दिवसाला थोडी वाक्यं बोलायची परवानगी दिली होती आणि बाई ती जपून वापरत. बाजाराच्या कोपऱ्यावर भाजीवालीपाशी मिस्त्री वांगी निवडायला थांबले.

बाई म्हणाल्या, "मामा ओरडले ना."

"ओरडला. म्हातारा झाला. आपण वाचलो नशिबाने."

"मी तिथेच ओरडले असते." बाई थांबल्या, श्वास घेतला. "अगदी तिथेच. मला तीच वेळ वाटली होती."

मिस्त्रींनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "म्हणजे आवाज असता तर हरलो असतो."

"हो."

"आणि समितीने तुला काढलं असतं."

"हो."

भाजीवालीने विचारलं, घेताय की नाही. मिस्त्री म्हणाले, घेतोय, तोल. बाईंनी पिशवी उघडून धरली.